कमांडरांची सहा पदकं : धरमपेठेतलं एक प्रकरण

दिवाळी होऊन आठ-दहा दिवस झाले असतील. धरमपेठेतून एका तरुणाचा फोन आला. त्याचे काका नौदलात पाणबुडीवर होते, कमांडर म्हणून निवृत्त झाले आणि दोन वर्षांपूर्वी वारले. नागपूरच्या महाल भागातल्या ज्या शाळेत ते शिकले, त्या शाळेला त्यांची पदकं फ्रेम करून द्यायची होती. कार्यक्रमाची तारीख ८ डिसेंबर. १९६७ साली याच तारखेला सोव्हिएत संघातल्या रिगा बंदरात 'कलवरी' ही आपली पहिली पाणबुडी नौदलात दाखल झाली, म्हणून तो पाणबुडी दिन. नागपूरच्या माणसाला ही तारीख माहीत असावी याचंच मला आधी कौतुक वाटलं. पदकं कोणत्या क्रमानं लावायची एवढंच त्याला विचारायचं होतं.

मी नौदलात राइटर होतो. राइटर म्हणजे कार्यालय सांभाळणारा खलाशी. हजेरी, पगार, रजा, बढती, आणि कोणाच्या सेवापुस्तकात कुठलं मेडल कधी चढलं याची नोंद, हे सगळं त्याच्याकडे. निवृत्त होऊन नागपूरला परतल्यापासून अशी कामं माझ्याकडे येतात. बहुतेक वेळा अर्ध्या तासात होतात. या कामाला महिना लागला, आणि त्यात एक चूक माझी स्वतःची होती. म्हणून हे सविस्तर लिहून ठेवतो आहे.

पेटीत काय होतं

मी त्यांच्या घरी गेलो. कमांडरांच्या पत्नीनं, म्हणजे काकूंनी, चहा ठेवला आणि बसता बसता म्हणाल्या, "भाऊ, हे घरी काही सांगायचेच नाहीत जी. बोट निघाली, बोट आली, एवढंच कळायचं. कुठं गेली, काऊन गेली, विचारायचं नाही."

पाणबुडीवरची माणसं पाणबुडीला बोटच म्हणतात. काकूंच्या तोंडी तो शब्द इतक्या सहज आला की क्षणभर मला विशाखापट्टणमच्या क्वार्टर्समध्ये बसल्यासारखं वाटलं.

पत्र्याच्या पेटीत नऊ वस्तू होत्या. सहा गोल किंवा कोनदार पदकं, काहींच्या फिती उन्हानं विटलेल्या. एक पंचकोनी तारा, फीत कोरी करकरीत. रशियन अक्षरांचा एक मिनेकाम केलेला बिल्ला. आणि रुमालात गुंडाळलेला डॉल्फिनचा बॅज.

पुतण्यानं पदकं चिंचेनं घासून लख्ख केली होती. प्रेमानं केलं होतं, पण करू नये. रुपेरी पदकावरची कोरीव नक्षी घासली की बोथट होते आणि ती परत येत नाही. कोरड्या मऊ कापडानं पुसावं आणि थांबावं. जुनं पदक काळवंडलेलं असेल तर तसंच असू द्यावं.

पहिलंच पदक मी उचललं. पाच बाजूंचं, रुपेरी, गडद निळ्या फितीवर मधोमध एक बारीक पांढरी रेघ. नौसेना मेडल. आणि माझ्या तोंडून निघून गेलं, "वा, गॅलंट्री!"

हीच ती चूक. मी कागद पाहिला नव्हता, नुसती फीत पाहिली होती. पुतण्याचा चेहरा उजळला. दुसऱ्याच दिवशी त्यानं सीताबर्डीवर पितळी पाटी कोरायला टाकली, 'शौर्य पदक विजेते' असं लिहून. मला ते आठवड्यानं कळलं.

कडेवरचं नाव

कुठल्याही जुन्या पदकाची पहिली तपासणी कडेवर होते. पदकाच्या पातळ कडेवर मालकाचा सेवा क्रमांक, हुद्दा आणि नाव कोरलेलं असतं. भिंग घ्यायचं, खिडकीजवळ जायचं आणि पदक हळूहळू फिरवायचं. त्या कोरीव हुद्द्यावरूनही वेळ कळते, कारण पदक मिळालं तेव्हा माणूस कोण होता ते तिथं राहतं. कमांडरांच्या संग्राम मेडलवर ते सब लेफ्टनंट होते. काकूंनी ते भिंगातून स्वतः पाहिलं. लग्नाच्या आधीचा हुद्दा होता तो.

पंचकोनी ताऱ्याची कड मात्र कोरी होती. तो पश्चिमी स्टार होता आणि तो कमांडरांचा नव्हता. पुतण्यानं लगेच सांगून टाकलं. कामठीला छावणीजवळच्या दुकानात गणवेशाचं सामान मिळतं, तिथून त्यानं तो विकत आणला होता. "काका एकाहत्तरच्या लढाईत होते ना? मग हा सुटला असेल असं वाटलं."

यात लबाडी नव्हती. हा समज मी पुष्कळ घरांत पाहिला आहे आणि तो दूर करणं सोपं नसतं. १९७१ च्या युद्धासाठी तीन सर्वसाधारण पदकं निघाली. पूर्वेच्या रणक्षेत्रात जे होते त्यांना पूर्वी स्टार, पश्चिमेच्या रणक्षेत्रात होते त्यांना पश्चिमी स्टार. त्या काळात सेवेत असलेल्या मोठ्या वर्गाला संग्राम मेडल. १९६५ लाही असंच होतं, रणक्षेत्रासाठी समर सेवा स्टार आणि सेवेसाठी रक्षा मेडल. थोडक्यात, तारा दिसला की माणूस लढाईच्या पट्ट्यात होता असं समजायचं. कमांडर १९७१ च्या सुरुवातीला कमिशन झाले होते आणि त्या डिसेंबरात कोचीला प्रशिक्षण घेत होते. त्यांचा हक्क संग्राम मेडलचा, आणि ते त्यांच्याजवळ होतं.

पुतण्या म्हणाला, "पण शाळेतल्या मुलांना काय कळते?"

मी त्याला खुक्रीची गोष्ट सांगितली. ९ डिसेंबर १९७१ च्या रात्री पाकिस्तानच्या 'हंगोर' पाणबुडीनं आपली 'खुक्री' ही युद्धनौका बुडवली. १८ अधिकारी आणि १७६ खलाशी गेले. कॅप्टन महेंद्रनाथ मुल्ला जहाज सोडून गेले नाहीत, त्यांना मरणोत्तर महावीर चक्र मिळालं. त्याच युद्धात आपल्या 'करंज' पाणबुडीचे कप्तान विजयसिंह शेखावत यांना वीर चक्र मिळालं, पुढे ते नौसेनाध्यक्ष झाले. त्या समुद्रात जे होते त्यांच्या छातीवरची ती खूण आहे. ज्याची नाही त्याच्या फ्रेममध्ये ती लावली तर खुक्रीवरच्या एखाद्या खलाशाच्या घरच्यांना काय वाटेल, एवढंच मी विचारलं. पुतण्यानं तारा खिशात टाकला. त्यावर परत बोलणं झालं नाही.

रशियन बिल्ला वेगळा काढला. तो पदक नव्हताच, तिथं प्रशिक्षणाला असताना कोणी मित्रानं दिलेली आठवण.

क्रम

हा भाग सरळ आहे, पण इथंच सगळ्यात जास्त फ्रेम्स चुकतात. पदकं मिळाली त्या तारखांनी लावत नाहीत, ज्येष्ठतेनं लावतात. सर्वांत ज्येष्ठ पदक छातीच्या मध्याजवळ, म्हणजे समोरून पाहणाऱ्याच्या डाव्या हाताला. शौर्याची आणि विशिष्ट सेवेची आधी, मग युद्धातल्या सहभागाची, मग स्वातंत्र्याच्या वर्धापनांची, आणि शेवटी दीर्घ सेवेची. दीर्घ सेवेतही २० वर्षांचं आधी, ९ वर्षांचं नंतर. कमांडरांची ओळ अशी झाली : नौसेना मेडल, संग्राम मेडल, स्वातंत्र्याच्या पन्नासाव्या आणि पंचविसाव्या वर्षाची दोन, २० वर्षांचं, ९ वर्षांचं. १५ ऑगस्ट १९७२ आणि १५ ऑगस्ट १९९७ या दोन्ही दिवशी ते गणवेशात होते, म्हणून दोन्ही. पुढच्याच वर्षी ते निवृत्त झाले.

शौर्य की कर्तव्यनिष्ठा

आता मूळ प्रश्न. नौसेना मेडल १९६० साली सुरू झालं, सेना मेडल आणि वायुसेना मेडल या त्याच्या जोडीदारांबरोबर. ते कशासाठी द्यायचं याची मूळ शब्दरचना अशी की नौदलाच्या दृष्टीनं विशेष महत्त्वाच्या अशा असाधारण कर्तव्यनिष्ठेच्या किंवा धैर्याच्या वैयक्तिक कृतीसाठी. या वाक्यात 'किंवा' आहे. एकच पदक, एकच फीत, आणि दोन कारणं. नंतरच्या काळात शासनानं ती दोन कारणं नावातच वेगळी केली. आता कंसात शौर्य किंवा कर्तव्यनिष्ठा असं लिहिलं जातं. पण पदकाकडे नुसतं पाहून हा फरक कोणालाही सांगता येत नाही, मलाही नाही. तो कागदातच सापडतो.

फरक नुसता मानाचा नाही. शौर्यासाठी मिळालेल्या नौसेना मेडलला मासिक भत्ता आहे, २०१७ पासून तो दोन हजार रुपये झाला आणि धारकाच्या मागे तो पत्नीला मिळतो. कर्तव्यनिष्ठेच्या पदकाला भत्ता नाही. काकूंच्या पेन्शनच्या कागदांत असा भत्ता कुठंच नव्हता. म्हणजे एक तर तो त्यांच्या हक्काचा असून राहून गेला होता, नाहीतर माझं 'गॅलंट्री' चुकीचं होतं. दोन्ही शक्यता गंभीर होत्या. मी नौदल मुख्यालयाला पाठवायचं पत्र काकूंच्या नावानं लिहून दिलं आणि घरात सायटेशन शोधायला सांगितलं. बाकी सारं हरवलं तरी सायटेशन जपावं असं मी प्रत्येक घरी सांगतो, कारण पदक कोणाला मिळालं ते कडेवर असतं, पण का मिळालं ते फक्त त्या कागदावर असतं.

सायटेशन सापडलं काकूंच्या शालूच्या घडीत. टंकलिखित, पाऊण पान. इंग्रजीत होतं, ते मी त्यांना मराठीत सांगत गेलो, आणि मध्येच थांबून समजावत गेलो. तेच इथंही करतो, नाहीतर त्या पाऊण पानाचा अर्थ लागणार नाही.

कमांडर इलेक्ट्रिकल शाखेचे होते. जामनगरच्या 'वलसुरा' या नौदलाच्या विद्युत प्रशिक्षण केंद्रात शिकलेले, मग स्वतः मागून पाणबुडीत गेलेले. त्यांची बोट फॉक्सट्रॉट जातीची. या बोटी वर असताना डिझेलवर चालतात आणि पाण्याखाली बॅटरीवर. बॅटरी म्हणजे शिसं आणि आम्लाचे ४४८ सेल, चार गटांत. बोटीत पुढून मागे सात कंपार्टमेंट. दुसऱ्या आणि चौथ्या कंपार्टमेंटच्या फरशीखाली हे सेल बसवलेले. दुसऱ्यात अधिकारी झोपतात. म्हणजे माणूस ज्या फळीवर पाठ टेकतो तिच्या खाली बॅटरी.

बॅटरी संपत आली की बोट वर येते, किंवा पाण्याखालूनच हवेची नळी वर काढते, आणि डिझेल चालवून चार्जिंग करते. चार्जिंग होताना सेलमधून हायड्रोजन निघतो. त्याला वास नाही, रंग नाही. हवेत त्याचं प्रमाण चार टक्क्यांच्या आसपास गेलं की एक ठिणगी पुरे. म्हणून पंखे अखंड चालू ठेवून तो बाहेर काढतात आणि मीटरवर डोळा ठेवून एक माणूस बसलेला असतो. ही भीती पुस्तकातली नाही. २०१० साली विशाखापट्टणमला 'सिंधुरक्षक'वर बॅटरीतून निघालेल्या हायड्रोजनचाच स्फोट झाला आणि एक खलाशी गेला. त्या बोटी फॉक्सट्रॉटपेक्षा पुष्कळ नव्या.

सायटेशनमध्ये दोन गोष्टी होत्या. पहिली, पाऊण पानातलं जवळजवळ अर्धं पान : सलग तीन वर्षं या अधिकाऱ्यानं जुन्या होत चाललेल्या बॅटरीची निगा अशी राखली की बोट एकदाही ठरल्या वेळी निघायची राहिली नाही. सेल बदलणं, आम्लाची घनता मोजणं, गळती शोधणं. दुसरी, शेवटच्या चार ओळी : एका तैनातीवर चार्जिंग चालू असताना हवा खेचणारा पंखा बंद पडला, हायड्रोजनचा आकडा चढू लागला, चार्जिंग तोडलं गेलं, आणि हा अधिकारी स्वतः फरशीखाली उतरून, सेलच्या माथ्यावरून सरपटत जाऊन, हवेचा मार्ग मोकळा करून आला. ठिकाण दिलेलं नव्हतं. तारीखही नव्हती, फक्त महिना आणि साल.

पाणबुडीच्या कागदांत हे असंच असतं. बोट कुठं होती हे गुपित, म्हणून माणसानं काय केलं तेही अर्धं झाकलेलं. ज्यांनी लिहिलं त्यांनी शक्य तितकं लिहिलं होतं.

पुतण्या ताडकन उठला. "हे शौर्य नाही तर काय आहे काका?"

त्याला मी काय उत्तर देणार? मलाही तेच वाटत होतं. पंखा बंद पडलेल्या बॅटरीवर पोटावर सरपटणाऱ्या माणसाला भीती वाटलीच नसेल असं कोण म्हणेल? पण माझं वाटणं आणि नोंद या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, आणि फ्रेमवर जे लिहायचं ते नोंदीप्रमाणे. मुख्यालयाचं उत्तर डिसेंबरच्या पहिल्या आठवड्यात आलं. पुरस्कार कर्तव्यनिष्ठेसाठी नोंदला होता. भत्ता लागू नाही.

मला त्या घरी जाऊन हे सांगायचं होतं. गेलो. आधी काकूंची माफी मागितली, कारण त्या पहिल्या दिवशी मी तोंड उघडलं नसतं तर पाटीवर तो शब्द आला नसता आणि दोन हजारांची आशाही लागली नसती. काकू म्हणाल्या, "पैशाचं सोडा भाऊ. मला एवढंच सांगा, हे त्याच्याहून कमी असते का?"

मी सांगितलं ते इथं पुन्हा लिहितो, कारण मी ते विचार करून सांगितलं होतं. क्रमवारीत पदक एकच आहे, छातीवरची जागाही एकच. शौर्य एका क्षणात दिसतं, म्हणून त्याचा साक्षीदार मिळतो आणि त्याची गोष्ट होते. तीन वर्षं रोज ४४८ सेल तपासणाऱ्याची गोष्ट कोणी सांगत नाही. पण बोटीवरच्या पंचाहत्तरेक माणसांचा श्वास त्या तपासणीवर चालतो. त्या रात्री कमांडर खाली उतरू शकले, कारण फरशीखालचा प्रत्येक कोपरा त्यांना तीन वर्षांत अंधारातही पाठ झाला होता. लिहिणाऱ्यानं अर्धं पान कशाला दिलं आणि चार ओळी कशाला, ते मला तेव्हा उमगलं. त्यानं बरोबर लिहिलं होतं.

पाटी

नव्या पाटीच्या मजकुरावर दोन संध्याकाळी गेल्या. पुतण्याला कंसातला शब्द नको होता, लोक तो वाचून 'म्हणजे शौर्य नाही' असं म्हणतील म्हणून. कंस गाळला तरी खोटं होत नाही, हे खरं आहे. पदक मिळालं तेव्हा मूळ नाव कंसाशिवायच होतं. मी त्याला दुजोरा दिला. काकूंनी मात्र ऐकलं नाही. बंगळुरूहून मुलगी फोनवर होती, तिलाही आईचंच पटलं. शेवटी पाटी अशी झाली : हुद्दा, नाव, भारतीय नौदल पाणबुडी दल, १९७१ ते १९९८. त्याखाली 'नौसेना मेडल, असाधारण कर्तव्यनिष्ठेसाठी'. आणि त्याखाली सायटेशनमधल्या त्या चार ओळींचा मराठी सारांश. जुनी पाटी पुतण्यानं कारागिराकडेच मोडीत दिली.

राहिला डॉल्फिनचा बॅज. तो पदकांच्या ओळीत बसत नाही, कारण तो पदक नाही. पाणबुडीचं प्रशिक्षण आणि मग बोटीवरची परीक्षा पार केली की तो मिळतो. कुठला व्हॉल्व कुठं, कुठली पाइप कुठून कुठं जाते, दिवे गेले तर हातानं काय शोधायचं, हे बोटीच्या टोकापासून टोकापर्यंत दाखवावं लागतं. स्वयंपाक्यापासून कप्तानापर्यंत प्रत्येकाला. ज्याला ते येत नाही त्याच्या भरवशावर बाकीचे झोपू शकत नाहीत. काकू म्हणाल्या की बाकीची पदकं पेटीत पडून असायची, हा मात्र त्यांच्या टेबलाच्या खणात असायचा. तो फ्रेममध्ये पदकांच्या वर, मधोमध, एकटा लावला. धरमपेठेतल्या फ्रेमवाल्यानं सगळं गरम गोंदानं चिकटवायची तयारी केली होती, त्याला थांबवून फिती मखमलीवर दोऱ्यानं टाचून घेतल्या. पुढे कोणाला काढायची झाली तर पदक सुखरूप निघावं. शाळेला एवढंच सांगितलं की ऊन येईल त्या भिंतीवर लावू नका. नागपूरच्या उन्हात फीत दोन उन्हाळे टिकत नाही.

सायटेशनची मूळ प्रत काकूंनी घरी ठेवली, शाळेला छायाप्रत दिली. कार्यक्रमाच्या आदल्या संध्याकाळी त्यांचा मला फोन आला. "भाऊ, त्या कागदावर महिना कोणता होता, पुन्हा सांगा जी."

मी सांगितला. त्या म्हणाल्या, त्या महिन्यात मी इथंच होते, माहेरी, मुलगी झाली होती. मग त्यांनी जुन्या पत्रांचा गठ्ठा सोडला आणि त्या महिन्याचं अंतर्देशीय काढलं. विशाखापट्टणमचा शिक्का. फोनवरच वाचून दाखवलं. परत आलो, तब्येत बरी आहे. बॅटरीचं काम जास्त होतं, दोन दिवस झोप झाली नाही. ऑइलच्या वासानं कपडे खराब झाले आहेत, नवे घ्यावे लागतील. आणि खाली, जागा संपत आल्यामुळे कडेकडेनं लिहिलेलं : बाळाचं नाव ठरलं का, लवकर कळव.